रेतीवरची मोठीमाय

मोठीमायचा आवाज वर्धा नदीच्या पल्याड ऐकू जायचा, तोही नदी दोन्ही थड्या भरून वाहत असताना. समोरच्या काठावर बसलेल्या डोंगेवाल्याला तिनं एक हाक मारली की तो बिडी विझवून डोंगा सोडायचा. लग्न होऊन मी नालवाडीहून आर्वीकडच्या त्या वस्तीवर आले, तेव्हा नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. पहिल्याच सकाळी मी दचकून उठले. वाटलं, कुठंतरी आग लागली. बाहेर येऊन पाहते तर एक उंच, सावळी बाई कमरेवर हात ठेवून विचारत होती, "काऊन वं, तुह्या घरी मीठ हाये का?" आणि जिला विचारत होती, ती शेजारीण अगदी तिच्या पुढ्यातच उभी होती.

मोठीमाय म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाची बायको. माझे सासू-सासरे लवकर गेले, त्यामुळे यांना तिनंच वाढवलं. तिचं स्वतःचं लेकरू नव्हतं. वस्तीतले सगळेच तिला मोठीमाय म्हणत, तिच्याहून वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा.

नवी सून आली की मोठीमाय तिला काठावर नेऊन बसवायची आणि वस्तीची हकीकत सांगायची. मलाही तिनं सांगितली. तिच्या सासऱ्यांच्या काळात वरच्या अंगाचं एक गाव पुरात वाहून गेलं. त्यातली काही कुटुंबं नदीच्या या वळणापाशी येऊन थांबली, कारण पाणी उतरलं की इथं पांढरीशुभ्र रेती लांबवर उघडी पडायची. जमीन कोणाकडेच नव्हती. लोकांनी रेतीत खड्डे केले, शेणखत घातलं, टरबूज आणि डांगर लावलं. राहायला पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या काड्यांच्या झोपड्या. पावसाळ्याआधी परत जायचं, असं दरवर्षी ठरायचं. "मंग एका साली कोनी तरी मातीची भिंत घातली," मोठीमाय म्हणाली, "अन् आपन गाववाले झालो." वस्तीला नाव असं कधी पडलंच नाही. आर्वीच्या बाजारात आम्हाला सगळे 'रेतीवरचे' म्हणत.

दिवाळीनंतर पाणी उतरलं की रेतीची वाटणी व्हायची. ती मोठीमायच करायची. पूर दरवर्षी रेती वेगळ्या जागी टाकून जायचा, म्हणून अमका तुकडा अमक्याचा असं काही नव्हतंच. ती पुढं चालायची, मागून सगळी वस्ती. "हे तुहं. हे तुहं." कोणी हुज्जत घालायचं नाही. मला आधी वाटलं, तिच्या आवाजाला भितात. पुढं कळलं की ओल धरून ठेवणारा सगळ्यांत चांगला तुकडा ती ज्या घरावर त्या वर्षी दुःख कोसळलं असेल, त्या घराला द्यायची. सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि तो तुकडा आपल्या वाट्याला येऊ नये असंच प्रत्येकाला वाटायचं.

एका वर्षी तो आमच्या वाट्याला आला. माझं पहिलं बाळ तापानं गेलं होतं. मी घरातून बाहेर पडत नव्हते. हे तिला म्हणाले, "मोठीमाय, दुसऱ्या कोनाले दे. हिच्यानं औंदा काई होनार नाई."

ती आत आली, माझ्याजवळ बसली. तिला हळू बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "लेकरू वापस येनार नाई, बाई. मी खोटं सांगत नाई. माहे तीन गेले. मले कोनी उठवलं नाई, मी वर्षभर पडून राह्यली. तुले मी पडू देनार नाई. ऊठ."

तिचे तीन गेले होते, हे यांनासुद्धा माहीत नव्हतं. मी उठले. रडत रडतच बिया लावल्या. त्या उन्हाळ्यात आमच्या तुकड्यावर जशी टरबुजं आली, तशी पुन्हा कधी आली नाहीत. पहिलं मोठीमायनं फोडलं. एक फोड तिनं काठावर ठेवली, बाळाला जिथं पुरलं होतं तिथं. बाकीचं मला समोर बसवून खाऊ घातलं.

दोन हजार साल उलटल्यावर रेती न्यायला ट्रक येऊ लागले. आम्हाला आधी बरंच वाटलं. वस्तीपर्यंत रस्ता झाला, पुरुषांना रेती भरायचं काम मिळालं. हेही जाऊ लागले. मला वाटलं, मोठीमाय चिडेल. तिनं यांची भाकर बांधून दिली आणि म्हणाली, "पोट हाये, जा. पर जिथून भरशीन तिथं थोडी ठेवत जाजो." पुढं मशिनी आल्या. मग भरायला माणसं लागेनात आणि ठेवायला कोणी उरलं नाही.

त्या दिवाळीनंतर पाणी उतरलं तेव्हा खाली चिखल होता, गोटे होते आणि हिरव्या पाण्यानं भरलेले खोल खड्डे होते. मोठीमाय तरीही निघाली. मागं सगळी वस्ती. वळणापर्यंत जाऊन ती थांबली. "वाटाले काई नाई, बाप्पा," ती म्हणाली. "घरी जा." लोक गेले.

पुढच्या वर्षी शेजारचा सुदाम बैल आणायला नदीत उतरला. तरणाताठा, पोहण्यात पटाईत पोरगा. नेहमीच्या उताराच्या वाटेवरच खड्डा झाला होता. तो वर आलाच नाही. दिवस बुडेपर्यंत मोठीमायच त्याला काठावरून हाका मारत राहिली. दुसऱ्या दिवशी तो सापडला.

त्यानंतर एकेक घर उठलं. कोणी आर्वीला गेलं, कोणी वर्ध्याला. आम्ही नालवाडीला माझ्या भावांच्या शेजारी खोली घेतली. हे ऑटो चालवू लागले. मोठीमाय आमच्याबरोबर आली.

पहिल्याच आठवड्यात तिनं अंगणातून मला हाक मारली तर शेजारचे भाडेकरू बाहेर आले. "आजी, जरा हळू बोला ना, मुलाची परीक्षा आहे." माणूस चांगला होता, हसूनच बोलला. मोठीमायही हसली. पण त्या दिवसापासून काही हवं असलं की ती जवळ यायची, माझ्या दंडाला हात लावायची आणि मग पुटपुटल्यासारखं बोलायची. यांना ते सहन व्हायचं नाही. एकदा म्हणाले, "मोठीमाय, जोरानं बोल ना वं. कोनी काई म्हनलं तर मी पाहून घेईन."

"आता पल्याड कोन हाये आयकाले?" ती म्हणाली.

नालवाडीत ती दोनेक वर्षं काढू शकली. शेवटी अंथरुणाला खिळली. अन्न सुटलं. हे उशाशी बसून होते. म्हणाले, "मोठीमाय, काळजी करू नोको. तुले मी आपल्या रेतीवर नेईन. तिथंच करीन सारं."

तिनं यांचं मनगट घट्ट धरलं. "नाई. मले तिथं नेऊ नोको."

"काऊन?"

"राख घेऊन पान्यात उतरशीन तू. खड्डे हायेत तिथं. पोहता येते म्हून उतरशीन. सुदामलेबी येत होतं." थोडा दम घेऊन म्हणाली, "माहं काय, कुठंबी टाक. तू घरी ये."

यांनी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

तिच्या अस्थी आम्ही नालवाडीजवळच्या धाम नदीत सोडल्या. मोठीमायनं ती नदी कधी पाहिलीही नव्हती. उन्हाळा होता, पाणी जेमतेम घोट्याएवढं. तळाचा एकेक दगड दिसत होता. तरी हे आधी पायानं चाचपून पाहत होते, मगच पुढचं पाऊल टाकत होते. मी काठावर उभी होते. ते परत येईपर्यंत मी त्यांच्या पायांवरची नजर हलवली नाही.