विसरवाडीच्या मावशी आणि छातीइतकं व्यासपीठ

मुलांनो, आपल्या सबंध नंदुरबार जिल्ह्यात माणसाचा मान कसा राखावा हे एकट्या विसरवाडीच्या मावशींना कळतं. आणि त्या तो राखायला निघाल्या की मान मिळणाऱ्याला मागच्या दाराने पळून जावंसं वाटतं. या मावशी आपल्या नात्यातल्या कोणी नाहीत. हायवेवर एसटी थांबते तिथे त्यांची चहा-भज्यांची टपरी आहे, आणि रविवारी चर्चमध्ये उपासनेला त्या माझ्याच बाकावर बसतात. गातात बेसूर, पण सगळ्यांच्या आधी सुरू करतात, त्यामुळे पेटीवाल्याला मुकाट्याने त्यांच्या मागून जावं लागतं.

आपल्या मंडळीत कोणी आजारी पडलं की आम्ही सगळे गंभीर चेहऱ्याने "प्रार्थनेत आठवण ठेवतो" म्हणतो आणि घरी जेवायला जातो. मावशींना हे पटत नाही. "प्रार्थना चालूच शे, पन पानी कोन भरी?" असं विचारत त्या आजाऱ्याच्या घरात घुसतात. मला हिवताप झाला तेव्हा माझ्याही घरात घुसल्या. माझी पथ्याची लापशी त्यांनी शेजारच्या कोंबड्यांना घातली, मला कुळथाचं तिखटजाळ कढण पाजलं, आणि नावांच्या चिठ्ठ्या लावलेले माझे डबे चिठ्ठ्यांसकट धुऊन सोयीसाठी म्हणून उंचीप्रमाणे लावून ठेवले. ताप उतरला, साखर मात्र आठवडाभर सापडली नाही.

पण त्यांचा खरा पराक्रम गेल्या नाताळच्या आधीचा. मोलगीकडच्या डोंगरांत उभं आयुष्य पायी फिरून येशूची सुवार्ता सांगितलेले एक म्हातारे बाबा आहेत. बायको वारलेली, गुडघे गेलेले, राहायचे एकटे. आमच्या समितीने त्यांचा सत्कार ठरवला. नुसत्या शालीच्या रंगावर तीन बैठका झाल्या. जांभळ्याच्या बाजूने मीही तावातावाने बोलले. पाहुणे मागच्या रांगेलाही दिसावेत म्हणून व्यासपीठ छातीइतकं उंच केलं. वर सोफे, सोफ्यांवर पाहुणे. सत्कारमूर्ती वर कसे चढणार, एवढं ठरवायचं राहून गेलं.

नाव पुकारलं. बाबा काठी टेकत आले, दोन पायऱ्या चढले आणि तिसरीवर अडकले. वर जाता येईना, खाली उतरता येईना. माइकवर मुख्य पाहुणे त्यांच्या अथक पावलांबद्दल बोलतच होते. मागे कोणीतरी हसलं. बाबांनी मान खाली घातली. तेवढ्यात स्वयंपाकाच्या मांडवातून मावशी बेसनाने भरलेल्या हातांनीच धावत आल्या. बाबांना काखेत धरून त्यांनी खाली आणलं, खुर्चीवर टेकवलं आणि वर बघून ओरडल्या, "बाबाले चढता येत नही. तुम्हले उतरता येस ना? मंग उतरा!"

पाहुणे उतरले. एकामागून एक, धोतर आणि पॅन्ट सावरत, भाषण हातातच ठेवून. सत्कार जमिनीवर झाला. आमची जांभळी शाल मावशींनी दोन बोटांत चोळून पाहिली, "ह्यामा थंडी जाई का?" म्हणाल्या, आणि बाबांना डोंगराकडच्या जीपमध्ये बसूच दिलं नाही, थेट आपल्या घरी नेलं. सचिवांनी अदबीने विचारलं, "मावशी, हे तुमचे कोण?"

"आपला मंडळीना शेतस. आखीन काय नातं पाहिजे?"

बाबा आता टपरीमागे खाटेवर बसून लसूण सोलतात. मला एकदा हळूच म्हणाले, "बाई, डोंगरात वाघाची भीती होती, पण वाघ भजी खा म्हणून मागे लागत नव्हता." अंगावर मात्र चार किलो तरी चढले असतील.

तुम्ही दर फोनला विचारता, आजी, तुला काय पाठवू? काही नको. तुम्ही पाठवलेली शाल उबदार आहे, आणि कपाटात व्यवस्थित घडी करून ठेवली आहे. गुडघे मात्र आता माझेही बोलू लागलेत. चर्चची पायरी आली की मावशी माझं कोपर धरतात आणि सगळ्यांसमोर ओरडतात, "मॅडम, लाजस काय? पाय उचल!" पकड अशी की कोपर मंगळवारपर्यंत दुखत राहतं.

मी ते सोडवून घेत नाही.