गोठ्यातली खुर्ची

राजाराम गणवीर दिवसभर सरकारी कचेरीत फायली पुढे ढकलायचा आणि घरी आला की चित्रं काढायचा. ऑफिसात त्याला कुणी चित्रकार म्हणत नव्हतं आणि घरात कुणी साहेब म्हणत नव्हतं, त्यामुळे दोन्हीकडे बरं चाललं होतं. नोकरीची बरीच वर्षं दिल्लीत, मुनिरक्याजवळच्या क्वार्टरमध्ये गेली. मग सोडतीत नोएडाचा फ्लॅट लागला आणि त्याच्या बाल्कनीत त्यानं ईझल मांडलं. बाल्कनी अशी, की चित्र नीट बघायला मागे सरावं तर मान थेट कपड्यांच्या दोरीत अडकायची. टर्पेंटाइनचा वास वरणाला लागतो ही बायकोची, कौसल्येची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती.

त्या वर्षांत नोएडाला बाळसं आलं होतं. आज गहू उभा असलेल्या जागी उद्या सेक्टरची पाटी लागायची. फ्लॅटमागच्या गावातल्या चौधरींची जमीन अशीच गेली. जमीन गेली तशी वैरण गेली. त्यांनी एक म्हैस ठेवून बाकीची जनावरं विकली आणि त्यांचा विटांचा भलामोठा गोठा ओस पडला. "ले लो भाईसाहब," चौधरी राजारामला म्हणाले, "खाली जगह काटने को दौड़ती है." राजारामनं उंच भिंती पाहिल्या, वरच्या झरोक्यांतून उतरणारा उजेड पाहिला, आणि म्हातारपणी लग्न ठरावं तसा तो हरखला.

एकच अडचण होती. त्याची माय, विठाबाई.

भंडाऱ्याकडच्या गावात, मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या कोठ्यात शेण काढण्यात विठाबाईचा जन्म गेला होता. गोठ्याला तिकडे कोठाच म्हणतात. काम झालं की तिनं दाराबाहेर बसून पदर पसरायचा आणि मालकिणीनं वरून शिळंपाकं टाकायचं, हाताला हात लागू द्यायचा नाही. एकदा ती तापानं पडली, तेव्हा मालगुजाराचा गडी सांगायला आला, तू नाही तर पोराला पाठव. राजारामनं शेणाची टोपली उचललीही होती. विठाबाई तशीच तापात धावत आली, टोपली हिसकून घेतली आणि त्याला दंडाला धरून शाळेच्या दारापर्यंत ओढत नेलं. "कोठ्यात पाय ठेवशीन तर तंगडं तोडीन," ती म्हणाली. त्या एका धाकावर राजाराम शिकला आणि दिल्लीला नोकरीला लागला.

आता तिचं विसरणं वाढलं होतं. जेवून हात धुतला की विचारायची, जेवायचं कधी? सुनेला मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायची. डॉक्टर म्हणाले, हे असंच उतरत जाणार. म्हणून राजारामला घाई झाली होती. स्टुडिओचं उद्घाटन त्याला मायच्या हातून करायचं होतं, आणि तेही तिला काय चाललंय ते कळतंय तोवर. जन्मभर शेण काढलेल्या बाईनं पांढरं लुगडं नेसून गोठ्यातच खुर्चीवर बसावं, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावावी, शिकल्या-सवरल्या माणसांनी तिच्या पायांना हात लावावा. त्याला दुसरं काही नको होतं. चित्रं विकली गेली नसती तरी चाललं असतं.

"मायला सांगितलं का, कुठं नेताय ते?" कौसल्येनं विचारलं.

"स्टुडिओ आहे म्हणून सांगितलं."

"आणि वास आला म्हणजे?"

"रंगाचा येईल," राजाराम म्हणाला.

जागेची सगळी मांडणी मृणालनं अंगावर घेतली होती. पुण्याची मुलगी, नोएडात आर्किटेक्ट. मराठी मंडळाच्या प्रदर्शनात राजारामची चित्रं पाहिल्यापासून तिनं त्याची पाठ सोडली नव्हती. मनानं सोन्यासारखी, पण गोठा तिनं फक्त सहलीला जाताना पाहिलेला. "काका, गव्हाणीला बिल्कुल हात लावायचा नाही," ती म्हणाली. "आणि सिमेंट तर नकोच. उद्घाटनाला मस्त शेणानं सारवून घेऊ. लोक वेडे होतील."

 राजारामनं नको, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण सगळे शेणाचं कौतुक करत असताना त्या वासानं आपल्याला काय होतं हे सांगायची त्याला लाज वाटली. कचेरीत इतकी वर्षं जे झाकून ठेवलं ते एका सारवणापायी कशाला उघडं करायचं? "ठीक आहे," तो म्हणाला. आदल्या दिवशी चौधरींच्या सुनेनं जमीन आरशासारखी सारवून दिली.

रविवारी सकाळी मृणालच्या गाडीतून विठाबाई आली. पांढरं लुगडं, पिशवीत चष्मा, तोंडावर हसू. "माह्या राजारामचं ऑफिस हाय," तिनं गाडीतून उतरता उतरता ड्रायव्हरला सांगितलं.

दारात मात्र ती थबकली. तिनं वास घेतला. मग मागं फिरून चपला पार कुंपणापाशी काढल्या, पदर कमरेला खोचला आणि भिंतीच्या कडेकडेनं, अंग चोरत आत गेली. मधोमध शाल पांघरलेली खुर्ची होती. तिकडे तिनं पाहिलंही नाही. कोपऱ्यात सारवण अजून ओलं होतं. ती तिथं खाली बसली आणि दोन्ही हातांनी शेण ओढू लागली.

जमलेल्यांना वाटलं, आजी भूमीला नमस्कार करताहेत. कुणीतरी टाळी वाजवली, कुणी फोटो काढला. "कितनी ग्रेसफुल हैं," कुणी म्हणालं. राजाराम तसबिरींपाशी काडेपेटी घेऊन उभाच राहिला.

हात भरले तशी विठाबाई उठली, दाराबाहेर जाऊन उकिडवी बसली. मृणाल घाईनं समोसा आणि बर्फीची प्लेट घेऊन गेली. "आजी, आधी काही खाऊन घ्या." विठाबाईनं पदर सोडून पुढं पसरला. मृणालला काही कळलं नाही. तिनं प्लेट हातात द्यायला म्हातारीचा हात धरला. विठाबाई चटका बसल्यासारखी मागं सरकली. "लागलं, मालकीण, लागलं," ती पुटपुटली. "आंघोळ करा लागन तुमाले."

तेव्हा कौसल्या तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. राजाराम पुढं झाला आणि मायसमोर मातीत बसला. तिनं झटकन डोक्यावरून पदर ओढला, नजर खाली घातली.

"मालक," ती म्हणाली, "मी करतो सारं. दोन्ही टाइम येतो. पण माह्या पोट्ट्याले कोठ्यात नोका बोलावू. शाळेत जाते तो."

माय, मीच तुझा राजाराम, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण तिला राजाराम नको होता, उत्तर हवं होतं. 

"नाही बोलावणार," राजाराम म्हणाला.

"खरं, मालक?"

"खरं. कधीच नाही."

तिनं शेणानं भरलेले हात जोडले आणि आपल्या पोटच्या पोराला नमस्कार केला.

मृणालला सगळं कळल्यावर ती लहान मुलीसारखी रडली. आठवड्यात तिनं तिथं साधी फरशी घालून घेतली. जागा पुढं चांगली चालली. मुलांचे चित्रवर्ग, नाटकाच्या तालमी, पेपरात कौतुकही छापून आलं. भिंतीवर राजारामची चित्रं आहेत. विठाबाई त्या थंडीतच गेली. शेवटपर्यंत तिला ती सकाळ आठवली नाही, एवढी एक दया झाली.

राजाराम मात्र पुन्हा त्या गोठ्यात गेला नाही. स्टुडिओच्या दर वाढदिवसाला मृणाल बोलवायला येते. तो बाल्कनीत दोरीखाली मान वाकवून चित्र काढत असतो.

"काका, आता तरी चला. आजी गेल्या, फरशीसुद्धा घातली."

"नको बेटा," तो म्हणतो. "त्या पोराला बोलवायचं नाही असा शब्द दिलाय."

 वाळायचे असले तरी कौसल्या दोरीवरचे कपडे काढून आत नेते, म्हणजे त्याला थोडं मागं सरता येतं.