गंगाबाईंचा प्रश्न

शिजत्या हळदीचा वास आला की मला लोह्याजवळच्या गंगाबाई आठवतात. मी नवी डॉक्टर होते, त्यांच्या गावी लसीकरणाला गेले होते. शेतातल्या आखाड्यावर हळद शिजत असताना पाण्याच्या मोटारीचा शॉक लागून त्यांचे यजमान कोसळले. मी धावत पोचले तेव्हा श्वास नाही, नाडी नाही. मी छाती दाबत राहिले. हात भरून आल्यावर म्हणाले, "मावशी, आता तुम्ही दाबा."

"मला जमंल का?"

"जमंल."

पिवळ्याजर्द हातांनी त्या दाबत राहिल्या. शेवटी अ‍ॅम्ब्युलन्समधल्या मशीनच्या झटक्याने हृदय सुरू झालं.

पुढे दवाखान्यात नवऱ्याला पेज भरवताना त्यांनी विचारलं, "डॉक्टरबाई, हे छाती दाबायचं समद्या बायांना शिकवता का?"

तेव्हा मी नुसती हसले. आज माझं सगळं संशोधन त्याच प्रश्नावर चाललंय. उद्या औशात हॉलभर बाया शिकायला येणार आहेत.