दोर धरणारा माणूस

तीस वर्षं झाडांवर चढणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘खार’ म्हणत. आता वय एकसष्ट. दोन वर्षांपूर्वी उजवं मनगट थरथरायला लागलं, तेव्हा करवत मुलीच्या हातात गेली आणि खार जमिनीवर आला. त्याच्याकडे काम उरलं दोर धरायचं. कापायच्या फांदीला बांधलेल्या दोराचे बुंध्याभोवती दोन वेढे घ्यायचे आणि फांदी सुटली की तिला सावकाश खाली आणायचं. त्यासाठी एका जागी उभं राहावं लागतं. ते त्याला उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं.

वादळाने एका शिक्षिकेच्या अंगणातल्या झाडाचा शेंडा मोडून टाकला होता. बुंधा शाबूत होता, पण दोन मोडक्या फांद्या घराच्या पत्र्यावर लोंबत होत्या.

“बाबा, नियम?” मुलीने कमरेचा पट्टा आवळत विचारलं.

“वर असेल त्याने बोलायचं. खालच्याने तोंड मिटायचं.”

“आणि पाय?”

“पाय काय माझं ऐकतात होय!”

जावई टेम्पोत पालापाचोळा भरत होता. “मामा, येरझाऱ्या नकोत, दोर पायात येईल.”

“तू तुझं बघ. तुला हलवायचं तर क्रेन मागवावी लागते.”

जावई हसला आणि सावकाश पुढचा भारा उचलायला गेला.

करवत सुरू झाली. भुसा डोळ्यांत जायला लागला. खारला फांदीच्या बुडाशी काळी रेघ दिसली. तडा! तो एक पाय पुढे टाकी, एक मागे घेई. दात आवळले तरी धीर निघेना.

“थांब!” तो ओरडला. “फुटतेय!”

मुलीने सवयीने करवत थांबवली. अर्धवट कापलेली फांदी आपल्याच वजनाने फाटत गेली. ओरडताना खार दोन पावलं पुढे आला होता, त्यामुळे दोर सैल पडला होता. फांदी झोका घेऊन मुलीच्या खांद्याच्या वीतभर अंतरावरून गेली, पत्र्याचा कोपरा उखडून अंगणात आदळली.

मुलगी खाली उतरली. 

“ती रेघ पाण्याच्या ओघळाची होती, बाबा. मी ठोकून पाहिलं होतं. मध्येच थांबले म्हणून फाटली.”

“खालून तडा वाटला.”

“खालून तुम्हाला सगळंच तडा वाटतं. गेले सहा महिने हेच चाललंय.”

तिने दोर उचलला आणि नवऱ्याच्या हातात दिला. खारला स्वतःच्या पायांखालचा चिखल दिसला. एवढ्या वेळात तिथे पाऊलवाट पडली होती.

ती दुसऱ्या फांदीसाठी वर चढली. जावई खांबासारखा उभा राहिला. खार फांद्या ओढून टेम्पोत टाकू लागला. करवत थांबली की तोही थांबे. वरून “सोड” ऐकू आलं की मगच पुढची फांदी उचले.

“काका, बसा ना जरा, पाणी आणते,” शिक्षिका म्हणाली.

“बसलो तर वर बघावं लागेल,” खार म्हणाला आणि खराटा शोधायला निघाला.