भिंत न बघणारा साहेब

इमारत दुरुस्तीचं मोठं काम कोणत्या ठेकेदाराला झेपेल, हे तपासायला एक साहेब धामणकर नाक्यावर माझ्या कामावर यायचा. पोरगेलासाच. मी प्लास्टर ठोकून दाखवायचो, तो भिंतीकडे बघायचाही नाही. कोण कोणाला विचारून काम करतो, तेवढंच न्याहाळायचा. माझं बोलून झालं की हळूच म्हणायचा, "बरं, आणि मग?" असली कसली तपासणी, मला कळेना.

एकदा म्हणाला, "काका, चला चहाला. मोबाईल बंद ठेवा." पुढचं काम त्याच्या शब्दावर होतं, म्हणून गेलो. बशीत फुंकर मारत त्यानं चहा लांबवला.

मी म्हटलं, "साहेब, माझ्याबिगर तिथं वीट हलायची न्हाय."

"तेच तर बघायचंय, काका."

परतलो तर माझ्या मुकादमानं बांबूंची परांची पुढच्या खिडकीशी नेलेली, संपलेलं सिमेंट मागवलेलं. मी कुठं होतो, हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

साहेब खुशीत म्हणाला, "पास! तुमच्याशिवाय चालतंय."

काम मिळालं, पेढेही मीच वाटले. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन मी परांचीवर उभा राहिलो.