शेळ्या किती, असं विचारणारं अ‍ॅप

पुण्यातली नोकरी सोडून झरीला परत आलो, तेव्हा मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं की वर्षभरात माझं अ‍ॅप स्वतःच्या पायावर उभं राहील. वर्ष संपत आलं आणि अ‍ॅप अजून रांगतसुद्धा नव्हतं. शेळ्या पाळणाऱ्यांसाठीचं होतं ते. कुठली शेळी कधी गाभण राहिली, कधी विणार, आंत्रविषाराची लस कधी द्यायची, जंताचं औषध कधी पाजायचं, याची आठवण मोबाइल करून देणार. दहा शेळ्यांपर्यंत फुकट आणि त्याच्या वर गेलं की दर महिन्याला सबस्क्रिप्शन. ज्याच्याकडे शेळ्या जास्त त्याचा घोळ जास्त, म्हणजे तो पैसे देणार, असं माझं सरळ गणित होतं. कुणीच देईना.

दिवसातून किती वेळा मी आकडे उघडून बघायचो ते सांगायची लाज वाटते. दात घासताना बघायचो, जेवताना बघायचो, मोटार चालू करायला शेतात गेलो तर बांधावर उभा राहून बघायचो. एकदा आई वैतागून म्हणाली, "दूध उतू जायलंय का त्याच्यात? सारखं काय बघायलास?" मी तिच्यावरच खेकसलो. मग तासभर स्वतःवर चिडून बसलो आणि त्या तासातही दोनदा बघितलं.

लोक अ‍ॅप उतरवून घेत होते, रोज उघडतही होते. मग मी बटणाचा रंग बदलला. दर कमी केला. नंतर वाटलं, स्वस्त म्हणजे भिकार वाटत असेल, म्हणून पुन्हा वाढवला. कशानेच काही हललं नाही. आकड्यांत एकच गोष्ट ठळक दिसत होती. अ‍ॅप उघडल्यावर पहिलाच प्रश्न होता, 'तुमच्याकडे शेळ्या किती?' आणि जवळजवळ प्रत्येकाचं उत्तर दोन, तीन, फार तर चार. मी कपाळाला हात लावला. म्हणजे आपल्या भागात मोठे कळप उरलेच नाहीत, आणि मी नसलेल्या लोकांसाठी दुकान थाटून बसलो होतो.

अशात एका मंगळवारी जुन्या ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला. जागा रिकामी होती, मला आधी विचारत होत्या, सोमवारपर्यंत कळवायचं होतं. मी घरी सांगितलं. वडील शेळ्यांना पाला टाकत होते. वर न बघता म्हणाले, "जा की मंग. कामून बसायलास इथं?" मला जायचं नव्हतं. हे मी त्यांना सांगू शकलो नाही, कारण पुढचा प्रश्न 'मग करणार काय' हा असता.

घरात बसवेना. बुधवारी गाडी काढली आणि जिंतूरवरून चारठाण्याला आत्याकडे गेलो. काम काहीच नव्हतं. आत्याचा कळप तेवढा अजून मोठा. ती माळावरून परतताना रस्ता अडतो आणि एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून बेजार होतो. आम्ही बोलत बसलो होतो तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. माझ्याच अ‍ॅपची आठवण होती, जंताच्या औषधाची. मला कोण आनंद झाला! मी तिचा मोबाइल हातात घेऊन तिची माहिती उघडली. शेळ्या: दोन.

समोर सगळं अंगण शेळ्यांनी भरलेलं. दोन तर नुसत्या बाजेखाली बसल्या होत्या.

"आत्या, दोनच कामून लिवलंस?"

"मंग काय खरं लिवू?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "जनावराचा आकडा कुणी सांगतं व्हय रे? नजर लागती. तुजी माय तरी सांगती का कुणाला?"

आई काय सांगते, ते मला पाठ होतं. पाहुणा असो, डॉक्टर असो, खानेसुमारीवाला असो, आई पदर सावरत म्हणते, "हायेत चार-दोन." लहानपणी मी करडं मोठ्याने मोजली म्हणून याच आत्याने माझ्या पाठीत धपाटा घातला होता. आणि पुण्यात चार पुस्तकं वाचून आलेला मी, लोकांच्या दारात उभं राहून पहिला प्रश्न तोच विचारत होतो. अख्ख्या जिल्ह्याने मला चार-दोन सांगितलं आणि मी त्याचा आलेख काढून त्याच्यावर रडत बसलो होतो. मला हसूही येईना. स्वतःचीच इतकी चीड आली की उठून अंगणात फेऱ्या मारायला लागलो.

"असा येड्यावानी कामून फिरायलास?" आत्या म्हणाली. मी म्हटलं, आकडा राहू दे, एकेकीचं सांग. मग काय, तिला थांबवता थांबवेना. ही भुरी, पहिल्या खेपेला जुळं दिलं. ही कानफाटी, हिची माय येलदरीच्या पाहुण्याकडून आणलेली. ही बांडी, लय खोडीची, पण दूध बघ. प्रत्येकीची वीण, आजार, स्वभाव, आजीपणजी, सगळं. सांगताना आकडा एकदाही तिच्या तोंडात आला नाही. मीही मनातल्या मनात मोजलं नाही.

गुरुवार-शुक्रवार मी खोलीबाहेर पडलो नाही. तो प्रश्न काढून टाकला. त्या जागी फक्त एकेका शेळीचं नाव आणि तिची माहिती. सबस्क्रिप्शन सगळ्यांना सारखं, शेळ्या कितीही असोत. आठ दिवस फुकट, मग महिन्याचं किंवा वर्षाचं. शनिवारी नवं अ‍ॅप लोकांपर्यंत गेलं आणि लगेच शिव्या सुरू झाल्या. फुकटचं बंद केलं म्हणून कित्येकांनी काढून टाकलं. रविवारी सकाळी मी ऑफिसला पाठवायचा होकार लिहूनही ठेवला.

दुपारी पैसे भरल्याची एक नोंद आली. फुकटचे आठ दिवस न वापरता, एकदम वर्षाची. गाव झरी. मी शेळ्यांची नावं वाचायला लागलो: बाजारची, मोडक्या शिंगाची, सूनबाई. मी लग्नाचं मनावर घेत नाही म्हणून आईने आमच्या एका पाठीला, म्हणजे न व्यालेल्या तरण्या शेळीला, सूनबाई म्हणायला सुरुवात केलेली. जगात या नावाची दुसरी शेळी नसावी. जुन्या नोंदी काढून बघितल्या तर वडील पहिल्या आठवड्यापासून माझं अ‍ॅप वापरत होते. शेळ्या: दोन.

मी गोठ्यात गेलो. ते खोरं घेऊन लेंड्या ओढत होते. म्हटलं, "आबा, मला सांगायचं तरी. आन् तुमाला काय गरज त्याची? तुमाला तर सगळं तोंडपाठ."

ते थांबले. मोडक्या शिंगाच्या शेळीकडे बघत राहिले.

"होतं," ते म्हणाले. "आता ऱ्हात न्हाई ध्यानात. परवा हिला दोनदा औषध पाजलं. तुज्या आईला सांगू नको."

खोऱ्याचा दांडा दुसऱ्या हातात घेत ते म्हणाले, "तू पुण्याला जा, न्हाईतर कुठं बी जा. ते बंद पडू दिऊ नको."

मी त्यांच्या हातातून खोरं घेतलं. सोमवारी मॅडमना 'येत नाही' असं कळवलं, आणि तेव्हापासून मी दिवसातून कितीही वेळा अ‍ॅप उघडलं तरी आधी आमच्याच गोठ्याची नोंद बघतो, आज वडिलांनी कुणाला औषध पाजलं ते.