मद्रासची अदलाबदल

केनवडच्या जगदेव पाटलांना दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची भारी हौस. पण त्या हौसेपायी गावातल्या कितीतरी जणांची कोर्टाची पायरी चुकली होती, म्हणून कोणी नावं ठेवत नसे. त्यांची एक रीत होती. शेताचं भांडण असेल तर निवाडा शेतातच व्हायचा, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून. आजूबाजूचे सगळे तिथं हजर पाहिजेत. समझोता झाला की भांडणाऱ्यांनी एकमेकांच्या तोंडात गूळ घालायचा. गूळ पोटात गेला की मग कोणी शब्द फिरवायचा नाही.

पाटलांच्या पुढच्या खोलीत शाळेचे शालिग्राम मास्तर राहायचे. बिचारे दुसऱ्या दिवशीचा धडा जेवणाआधी मोठ्यानं वाचून घेत. मुलं वर्गात ऐकत की नाही कोण जाणे, पाटील मात्र तंबाखू चोळत एकूण एक शब्द ऐकायचे आणि मास्तरांना हैराण करायचे.

त्या दिवशीचा धडा इंग्रज-फ्रेंचांचा होता. युरोपात कुण्या राणीच्या गादीवरून लढाई जुंपली आणि तिची झळ थेट आपल्या मुलखापर्यंत आली. फ्रेंचांनी इंग्रजांचं मद्रास घेतलं. तिकडे अमेरिकेत इंग्रजांच्या लोकांनी फ्रेंचांचा लुईसबर्ग नावाचा किल्ला घेतला. शेवटी सगळे दमले, तहाला बसले आणि ठरलं की किल्ला फ्रेंचांना परत, मद्रास इंग्रजांना परत.

पाटील एकदम खूश झाले. ही तर शुद्ध अदलाबदल! तसलीच एक त्यांनी दोन दिवसांपूर्वी जुळवून आणली होती. रामराव आणि त्यांचा चुलतभाऊ उद्धवराव वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. रामरावांचं नाल्याकाठचं शेत उद्धवरावांना आणि उद्धवरावांचं विहिरीचं रामरावांना, असं ठरवून पाटलांनी दोघांना हसायला लावलं होतं. उद्या गूळ खायचा तेवढा राहिला होता.

मग त्यांची चौकशी सुरू झाली. तहाला बसले कुठं? मास्तरांनी नकाशा पसरून युरोपातल्या एका गावावर बोट ठेवलं. एक्स-ला-शापेल. आणि मद्रास कुठं? मास्तरांचं बोट समुद्र ओलांडून पार खाली आलं. पाटील नकाशावर वाकून बराच वेळ ते अंतर पाहत राहिले. मद्रासेत कोष्टी असतील, नाववाले असतील, त्यांचं काय झालं? मास्तर म्हणाले, पुस्तकात नाही.

"त्याइले कोनी विचारलं तरी का?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

पाटलांना हसूच फुटलं. एवढे मोठे राजे आणि साधी बैठकीची रीत ठाऊक नाही! ज्याच्या दारात धिंगाणा झाला त्यालाच बोलावलं नाही. असा समझोता केनवडात कोणी चालू दिला नसता, हे त्यांनी मास्तरांना दोनदा ऐकवलं.

प्रयागबाई भाकरी वाढत होत्या. नवऱ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "तुमी खेमाले बलावलं व्हतं का?"

नाल्याकाठचं शेत तांड्यावरचा खेमा बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर करत होता. ज्वारी कणसावर आली होती. उद्धवरावांचे गडी घरचेच, त्यांना खेमाची गरज नव्हती. शेत गेलं की खेमाची ज्वारीही अधांतरी आणि पुढचं सालही. आणि गुडघा दुखतो म्हणून या खेपेला पाटील धुऱ्यावर गेलेच नव्हते. रामरावांच्या ओसरीवर, गादीवर बसून त्यांनी सगळं ठरवलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. भाकरी गोड लागेना.

सकाळी गूळ फडक्यात बांधून ते लंगडत रामरावांकडे गेले आणि दोन्ही भावांना म्हणाले, चला नाल्यावर. रामराव चिडले. ठरलेलं मोडता का, म्हणाले. पाटलांनी गुळाची पुरचुंडी काखेत घट्ट धरली आणि चालू लागले. गुळाशिवाय समझोता पक्का होत नसल्यामुळे दोघांना मागं यावंच लागलं.

खेमाला निरोप गेला होता. तो आणि भुरीबाई ज्वारीच्या कडेला उभे होते. पाटील आणि दोघे भाऊ आपल्याच दिशेनं येताना पाहून खेमानं पागोटं काढून हातात घेतलं.

"पाटील, माह्या हातून काई चुकलं का?"

जगदेव पाटील धुऱ्यावर बसले आणि सरकून त्यांनी शेजारी जागा केली.

"तुह्या हातून नाई. बस इथं. तुले विचारल्याबिगर शेत देऊन राह्यलो होतो आमी."

खेमा काही केल्या बसेना. भुरीबाईनं त्याला कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठं टेकला. ज्वारी खेमानंच कापायची, यावर उद्धवराव लवकर आले. पुढच्या सालाचं मात्र ऊन तापेपर्यंत चाललं. अखेर नाल्याकडचा तुकडा बटईनं खेमाकडेच ठेवायचं त्यांनी तोंड वाकडं करून कबूल केलं. रामराव तर त्यानंतर पाटलांना कुठल्याच बैठकीला बोलवेनासे झाले.

पण त्या दिवशी गूळ दोघा भावांनी आणि खेमानं, असा तिघांनी खाल्ला.